रानटी, वनवासी, आदिवासी : आपल्या इतिहासलेखनातील एक प्रश्न

आपल्या ज्ञातीचा साद्यंत इतिहास लिहून काढावा, असा विचार मंडळाच्या बैठकांतून आता वारंवार बोलला जातो. त्या हेतूने अनेक ज्ञातिबांधवांनी आपापल्या घराण्यांच्या हकीकती लिहून धाडल्या आहेत. कोणी जुन्या सनदा उतरून काढल्या आहेत, तर कोणी आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी जशाच्या तशा कागदावर आणल्या आहेत. हे काम स्तुत्य आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांचे आपण सर्वांनी आभारच मानले पाहिजेत. तथापि या हकीकती वाचीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती येथे मांडणे अगत्याचे वाटते. जी घराणी किनवट-माहूरच्या बाजूस किंवा त्याही पलीकडे आदिलाबादेकडे जाऊन वसली, त्यांच्या हकीकतींत एक वाक्य थोड्याफार फरकाने आढळतेच आढळते. ते असे की, तेथे पूर्वी निबिड अरण्य होते, रानटी लोकांचा वावर होता, आणि आमच्या मूळपुरुषाने जंगल तोडून गाव वसविले.

या हकीकतींत मूळपुरुषाचे नाव असते. त्याने कोणत्या साली कूच केले, बरोबर किती बैल होते, हेही असते. एका हकीकतीत तर बैलांचा रंगसुद्धा दिला आहे! परंतु तो ज्या लोकांमध्ये जाऊन राहिला, ते लोक कोण, त्यांचे कूळ कोणते, गावाला त्यांनी काय नाव दिले होते, याविषयी अवाक्षर नाही. त्यांची सारी ओळख 'रानटी' या एका शब्दात उरकलेली आहे. प्रस्तुत लेख या शब्दाविषयी, आणि त्याच्या जागी कोणता शब्द लिहावा याविषयी आहे.

नावाचा सल काय असतो, हे ज्ञातिसंस्था चालविणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. १९०१ च्या खानेसुमारीच्या वेळी रिस्ले साहेबांनी जातींचा सामाजिक क्रम लावावयास घेतला, तेव्हा देशभरातील ज्ञातिसभांकडून सरकारदरबारी अर्जांचा पाऊस पडला. आम्हांस अमक्या नावाने नोंदवू नये, तमक्या नावाने नोंदवावे, आमच्या कुळाचा उगम अमुक पुराणपुरुषापासून आहे, असे ते अर्ज होते. त्यांतील काही दावे आज वाचले असता हसू येते, हे कबूल. पण अर्जांमागचा सल खोटा नव्हता. मात्र अर्ज करावयास लेखणी लागते, छापखाना लागतो, इंग्रजी जाणणारा वकील लागतो. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्यांस दुसऱ्यांनी ठेवलेली नावे तशीच चिकटून राहिली.

'रानटी' हाच शब्द पाहावा. मूळ शब्द 'रान'. आपल्या मराठवाड्यात रान म्हणजे केवळ अरण्य नव्हे. शेताला आपण रानच म्हणतो. 'बापू रानात गेले आहेत' याचा अर्थ ते नांगरणीला किंवा राखणीला गेले आहेत, असा कोणीही करील. म्हणजे रोज सकाळी रानात जाणारे आपण, आणि रानटी मात्र दुसरे! 'जंगली' या शब्दाचीही तीच गत. निजामी अमलात वनखात्याला उर्दूत 'जंगलात' म्हणत. त्या खात्याचा अंमलदार जंगलावर हुकूम चालवी म्हणून तो बडा हाकीम, आणि जंगलात जन्मून त्यावर जगणारा तो जंगली. शब्दाचा अर्थ रानावरून ठरला नसून माणसाच्या अधिकारावरून ठरला, असे यावरून दिसते.

जुन्या ग्रंथांचे या बाबतीत फारसे साह्य होत नाही. मध्यप्रांतासाठी रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत जाती-जमातींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या मुलखासाठी, म्हणजे तेव्हाच्या निजामच्या राज्यासाठी, सय्यद सिराज-उल-हसन यांचा तसाच ग्रंथ १९२० साली निघाला. माहितीच्या दृष्टीने हे ग्रंथ बहुमोल आहेत, आणि कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याने ते जरूर चाळावेत. परंतु त्यांची दृष्टी ही वरून पाहणाऱ्याची, नोंद करणाऱ्याची दृष्टी आहे. आपल्या मराठीतही त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा ग्रामजीवनावरील अजोड ग्रंथ. पण त्यातील फिरस्त्यांविषयीचे लेखन वाचताना आज मन कचरते. ज्या लेखकाने गावातील पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत प्रत्येकाचे काम बारकाईने जाणून घेतले, त्याच्याच लेखणीला गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांपाशी येताच काठिण्य येते.

सरकारी नावांचा इतिहास तर मोठा मौजेचा आहे. १८९१ च्या खानेसुमारीत या लोकांस 'अरण्यातील जमाती' म्हटले. १९०१ साली त्यांच्या धर्मावरून त्यांस 'ॲनिमिस्ट', म्हणजे चराचरात जीव मानणारे, ठरविण्यात आले. १९२१ साली ते 'डोंगरी व अरण्यातील जमाती' झाले, १९३१ साली 'आदिम जमाती', आणि १९३५ च्या कायद्यात 'मागास जमाती'. चव्वेचाळीस वर्षांत त्याच डोंगरावरच्या त्याच झोपडीतील माणसास पाच नावे मिळाली. त्यास मात्र कोणी विचारले नाही.

विचारण्याचा, किंवा खरे म्हणजे त्याने स्वतः होऊन सांगण्याचा, प्रसंग आला तो घटना समितीत. छोटा नागपूरचे मुंडा जमातीचे प्रतिनिधी जयपालसिंग हे त्या समितीचे सभासद होते. हे तेच जयपालसिंग, ज्यांच्या कप्तानपदाखाली भारताच्या हॉकी संघाने १९२८ साली आम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरून सुवर्णपदक मिळविले. १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीपुढे बोलताना त्यांनी स्वतःस 'जंगली' म्हणवून घेतले, आणि त्यात आपणांस अभिमान वाटतो असे सांगितले. आपल्यास हिणविण्यासाठी वापरलेला शब्द त्यांनी भर सभेत उचलून आपल्या छातीवर लावला. पण पुढे घटनेच्या हिंदी भाषांतरात 'बनजाति' असा शब्द योजण्यात आला, तेव्हा याच जयपालसिंगांनी त्यास कडाडून हरकत घेतली. 'आदिवासी' हा प्रतिष्ठेचा शब्द असता, ज्या शब्दाने असंस्कृत माणूस सूचित होतो तो शब्द आमच्या माथी का मारता, असा त्यांचा सवाल होता. या दोन प्रसंगांत विसंगती आहे, असे कोणास वाटेल. आम्हांस ती वाटत नाही. स्वतःच्या तोंडून स्वतःविषयी उच्चारलेला शब्द निराळा, आणि दुसऱ्याने कायद्याच्या कागदावर लिहिलेला निराळा.

डॉ. आंबेडकरांचे याविषयीचे म्हणणेही ध्यानात घेण्याजोगे आहे. 'आदिवासी' या सर्वसामान्य शब्दास निश्चित असा कायदेशीर अर्थ नाही, आणि हक्क द्यावयाचे तर ते कोणास हे नेमके सांगता आले पाहिजे, म्हणून जमातींची नावनिशीवार यादी करून 'अनुसूचित जमाती' हा शब्द वापरणे प्राप्त आहे, असे त्यांनी १९४८ साली समितीस समजावून सांगितले. त्याप्रमाणे १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने यादी झाली. तेव्हापासून 'अनुसूचित जमाती' हा कायद्याचा शब्द आणि 'आदिवासी' हा लोकांचा शब्द, असे दोन्ही चालत आले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या खात्याचे नावही आदिवासी विकास विभाग असेच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक भरली, म्हणजे शंभरांत नऊ जणांपेक्षा थोडी जास्त. एवढ्या लोकांविषयी लिहिताना शब्द जपून वापरावयास हवा, हे सांगण्यास आणखी प्रमाणाची गरज नसावी.

यादीतील एखाद्या शब्दाला किती वजन असते, याचे एक दारुण उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. यादीत 'गोंड गोवारी' असे नाव आहे. आपण गोवारी त्याच नावाखाली येतो, असे विदर्भातील गोवारी समाजाचे म्हणणे होते. त्या मागणीसाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरास विधिमंडळावर निघालेल्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्यू पावली. त्यांत बायका-मुलेही होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये गोवारी व गोंड गोवारी हे निरनिराळे असा निर्णय दिला. निर्णयाची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. नाव कसे लिहिले आहे, या प्रश्नावर माणसांचे प्राण गेले आहेत, एवढेच येथे नमूद करतो.

आता 'वनवासी' या शब्दाकडे वळू. हा शब्द वापरणारे बहुतेक लोक सद्भावनेने वापरतात, आणि त्या नावाने सेवाकार्य करणाऱ्या संस्थाही आहेत. 'आदिवासी' म्हणजे आधीपासूनचे रहिवासी, असे म्हटले की बाकीचे सारे उपरे ठरतात, असा त्यांचा आक्षेप असतो. समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांनीही १९४३ सालच्या आपल्या ग्रंथात 'मूळचे रहिवासी' या कल्पनेवर शंका घेतली होती. या देशात आधी कोण आले, हा पंडितांचा वाद आहे आणि तो चालत राहील. परंतु एखाद्या समाजाने आपल्यासाठी निवडलेला शब्द वापरावयास तो वाद आधी मिटलाच पाहिजे, असे कोठे आहे? शिवाय मराठी कानाला 'वनवास' म्हटले की प्रभू रामचंद्र आठवतात. वनवास म्हणजे राज्य सोडून चौदा वर्षे भोगलेले कष्ट. 'तिच्या नशिबी वनवास आला' असे आपण सासुरवाशिणीविषयी बोलतो. जो आपल्याच घरी आहे, त्यास वनवासी म्हणणे हे भाषेच्या दृष्टीनेही विपरीत होय.

इतिहासाच्या दृष्टीने तर हा शब्द सपशेल अपुरा पडतो. गोंडांची राज्ये होती. चांद्याचा कोट गोंड राजांचा, आणि तेथील महाकालीच्या देवळाशी राणी हिराईचे नाव जोडलेले आहे. देवगडचे गोंड राजे बख्तबुलंद यांनी १७०२ साली बारा खेडी एकत्र करून नागपूर वसविले. ज्या शहरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे अधिवेशन भरते, ते शहर वसविणारा राजा 'वनवासी' कसा? १७५१ साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तेव्हापासून आपल्या बखरींत आणि पुढे पाठ्यपुस्तकांत गोंड हे हळूहळू राजे न राहता अरण्यातील लोक झाले.

येथे व्याकरणाचा एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. मराठीत आदरार्थी अनेकवचन आहे. आपल्या घराण्याच्या हकीकतींत पणजोबा 'गेले', 'म्हणाले', 'स्थायिक झाले'. त्याच पानावरील गोंड पाटील मात्र 'गेला', 'म्हणाला', 'पळाला'. चांद्याच्या राजाविषयी लिहितानासुद्धा आमच्या ज्ञातिबांधवांची लेखणी 'तो राजा' असे सहज लिहून जाते. 'रानटी' हा शब्द खोडला आणि हा 'तो' तसाच ठेवला, तर काम अर्धेच झाले. शाळेत चाळीस एक वर्षे खडू झिजविणाऱ्यास ही चूक ठळक दिसते, पण तपासनिसाच्या लाल शाईत ती कधी येत नाही.

योग्य शब्द मिळवावा कसा, याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. ते निलंग्याच्या एका सुपुत्राने देऊन ठेवले आहे. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१० रोजी निलंग्यास झाला. निलंगा तेव्हा निजामी राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली ते उस्मानाबादेस जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात आले. पगडी यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांस शिवकालाचे व मोगल कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून, फारसी ग्रंथांचे मराठीत भाषांतर करणारे म्हणून, फार तर गॅझेटियरचे संपादक म्हणून ठाऊक असते. १९९२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले आणि १४ ऑक्टोबर १९९४ रोजी ते निवर्तले. परंतु हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असता त्यांचा आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड व कोलाम लोकांशी जवळून संबंध आला, आणि तेथे त्यांनी गोंडी व कोलामी या भाषा शिकून घेतल्या, एवढेच नव्हे तर त्यांची व्याकरणे लिहिली, ही गोष्ट निलंग्यातही फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

व्याकरण लिहिले, या गोष्टीचा अर्थ नीट पाहावा. ज्यास आपण 'रानटी बोली' म्हणतो, तीत नामे आहेत, विभक्ती आहेत, क्रियापदांची रूपे आहेत, आणि ती नियमाने चालतात, हे सिद्ध केल्यावाचून व्याकरण लिहिताच येत नाही. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. तेलुगू, कन्नड व तामिळ या तिच्या बहिणी. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. मुलकी अंमलदार गावात आला म्हणजे दुभाषा पुढे आणि रयत हात जोडून मागे, असा तो काळ. त्या काळात जो अंमलदार स्वतः रयतेची भाषा शिकावयास बसला, त्यास त्या लोकांना काय म्हणावे हा प्रश्न पडलाच नसेल. ते स्वतःस काय म्हणतात, हे त्याच्या कानी रोज पडत होते.

त्या वेळी आदिलाबादेत काय चालले होते, तेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या घराण्यांच्या हकीकती नेमक्या याच काळातून आणि याच मुलखातून जातात. किनवटचा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. सरकारने जंगले राखीव केली, तशी गोंड-कोलामांची डोंगरउतारावरील शेती बंद पडत गेली. रेल्वे आणि सडका झाल्यावर खालच्या मुलखातील शेतकरी, सावकार, वतनदार तिकडे जाऊ लागले. जमिनीचा पट्टा करून घ्यावा लागतो, ही गोष्ट नवागतांस ठाऊक होती, गोंडांस नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका कागदाने दुसऱ्याची झाली. या घडामोडींतूनच कुमराम भीम यांचा उठाव झाला आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात ते आपल्या साथीदारांसह मारले गेले. तेलंगणाने २०१६ साली एका जिल्ह्यास त्यांचे नाव दिले. मराठवाड्यात आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांस वंदन करतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच निजामाविरुद्ध आठ वर्षे आधी प्राण देणाऱ्या भीम यांचे नाव आपल्या भाषणांत येत नाही, आणि आले तर 'गोंडांचे बंड' एवढ्यावर भागते. एका ठिकाणी संग्राम आणि दुसऱ्या ठिकाणी बंड, हाही शब्दांचाच भेद आहे.

या उठावानंतर निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस गोंडांच्या स्थितीची पाहणी करण्यास सांगितले. त्यांनी गोंडांच्या गावी राहून काम केले. १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी वर्ग निघाला, आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके तयार झाली. ही पुस्तके कोणत्या लिपीत होती? देवनागरीत! त्या मुलखात मराठीचा वापर सर्वत्र होता, म्हणून आपलीच बाळबोध लिपी गोंडांच्या मुलांनी आपल्या भाषेसाठी घेतली. पुढे जमिनीही परत देण्यास सुरुवात झाली. १९४९ पर्यंत सुमारे ११ हजार कुटुंबांस सुमारे १ लाख ६० हजार एकरांचे पट्टे मिळाले. यावरून आधी किती जमीन हातची गेली असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

ज्यांस आपण गोंड म्हणतो, ते आपल्या भाषेत स्वतःस 'कोयतूर' म्हणतात. कोलाम स्वतःस 'कोलावार' म्हणवितात. नांदेड, हिंगोली, यवतमाळ या भागांतील 'आंध' जमातीचे नाव तर राज्याच्या यादीत अगदी पहिले आहे. पण कानडोळा करून लिहिणारे ते 'अंध' असे लिहितात आणि एका काना-मात्रेपायी डोळस माणसास आंधळे करून ठेवतात. आपल्या निलंग्याहून कर्नाटकाची हद्द फार लांब नाही. तांड्यावरचे बंजारा बांधव महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात, हद्द ओलांडून बीदर जिल्ह्यात गेले की अनुसूचित जातींत, आणि तेलंगणात गेले की अनुसूचित जमातींत. सोयरीक तिन्ही राज्यांत, आणि सरकारी नाव तीन प्रकारचे! ते स्वतःस मात्र तिन्हीकडे 'गोर' म्हणतात.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. कोलंबस वाट चुकला, आणि अमेरिकेतील लोकांस चारशे-पाचशे वर्षे 'इंडियन' हे आपले नाव वागवावे लागले. आपल्या मराठी पुस्तकांनी त्याला 'तांबडे' हे विशेषण वर जोडले. उत्तर ध्रुवाकडील ज्यांस आपण भूगोलात 'एस्किमो' म्हणून शिकविले, त्यांतील बहुतेकांनी 'इन्युइट' हे आपले नाव पुढे केले, आणि नॉर्वे-स्वीडनकडील 'लॅप' लोकांनी 'सामी'. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी अशा लोकसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्यास भारतानेही अनुकूल मत दिले. आपल्याकडेही 'आदिम जमाती' हा सरकारी शब्द बदलून २००६ पासून 'विशेष असुरक्षित आदिवासी गट' असा शब्द आला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज त्यात येतात. नवा शब्द बोजड आहे आणि लिहिताना दमछाक करतो, पण 'आदिम' म्हणून माणसाला आजच्या काळातून हद्दपार करण्यापेक्षा तो बरा.

सर्वांत कठोर अन्याय ज्या शब्दाने केला, तो शब्द आपल्या लातूर-निलंग्याच्या खेड्यांत अजूनही ऐकू येतो, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कपाळी चोर हा शिक्का. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या लोकांस 'विमुक्त' हे नाव मिळाले. पारधी समाज महाराष्ट्राच्या यादीत आज अनुसूचित जमातींत आहे. 'पारध' म्हणजे शिकार, यावरून आलेले हे साधे उद्योगवाचक नाव. परंतु गावाकडच्या बोलण्यात त्याची शिवी झाली. आमच्या नोकरीच्या काळात एका खेड्यातील शाळेत हजेरी घेताना इतर मुलांस नावाने व आडनावाने हाक मारीत, आणि पालावरून येणाऱ्या एका मुलास 'पारध्या' म्हणत. हजेरीपटावर त्याचे आडनाव पवार असे स्वच्छ लिहिलेले होते. पवार, भोसले, चव्हाण, काळे ही आडनावे त्या समाजात सर्रास आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही.

लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनास 'उचल्या' हेच नाव दिले, आणि त्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे आपणांस ठाऊक आहेच. जयपालसिंगांनी 'जंगली' हा शब्द स्वतःकडे घेतला, त्याच जातीची ही गोष्ट आहे. परंतु यावरून कोणी असे समजू नये की, त्यांनी लिहिले म्हणून आपणही तो शब्द मोकळेपणी वापरावा.

काही शब्द दिसावयास गोड असतात, पण त्यांतही खोट असते. 'भोळेभाबडे', 'निसर्गाची लेकरे', 'त्यांना मुख्य प्रवाहात आणले पाहिजे' हे त्यांतलेच. ज्यांनी पट्ट्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले, त्यांस भोळे म्हणणे हे खरे नाही. तीच गोष्ट देवाधर्माविषयी. गोंडीत देवास 'पेन' म्हणतात. पेरसा पेन हा कुळाचा थोर देव. केसलापूरची नागोबाची जत्रा ही मेश्राम कुळाची. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे आणि सात देवांचे अशी गोंडांच्या कुळांची विभागणी असून, एकाच देवसंख्येच्या कुळांत लग्नसंबंध होत नाही. ज्या ज्ञातीत आजही सोयरीक जुळविताना देवक विचारले जाते, त्या आपल्या ज्ञातीस ही व्यवस्था कळावयास मुळीच अवघड नाही. तरीही आपल्या हकीकतींत तिचा उल्लेख 'भुताखेतांची पूजा' असा आहे. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. गोंडांच्या कुळांचा इतिहास प्रधान समाजाचे लोक तंतुवाद्यावर गाऊन सांगतात, आणि मोठ्या विधीच्या वेळी तो ऐकल्यावाचून विधी पुरा होत नाही. आपण जो कुलवृत्तान्त आज छापावयास निघालो आहोत, तो त्यांच्याकडे कित्येक पिढ्या मुखोद्गत आहे.

जुन्या कागदांविषयी मात्र एक खुलासा केला पाहिजे. सनदेत, निवाडापत्रात किंवा निजामी दफ्तरातील नकलेत जो शब्द असेल, तो तसाच उतरावा. त्यात फेरफार करू नये. मूळ कागद बदलणे हा इतिहासाचा अपराध होय. तो शब्द अवतरणात ठेवावा आणि आपल्या स्वतःच्या वाक्यात त्या समाजाचे नाव लिहावे. समाज कोणता ते कळत असेल तर गोंड, कोलाम, आंध, माडिया असे नेमके नाव घालावे, आणि अनेक समाजांविषयी एकत्र लिहावयाचे असेल तर आदिवासी म्हणावे. कायद्याचा किंवा सवलतींचा संबंध असेल तेथे अनुसूचित जमाती हाच शब्द योग्य. तेलंगणातील कागदांत 'गिरिजन' असा शब्द आढळेल, तो तिकडे रूढ आहे. आणि क्रियापद आदरार्थी चालवावे.

ज्या कुटुंबांची मूळ गावे किनवट, माहूर, हिमायतनगर किंवा सीमेपलीकडे आदिलाबाद, उटनूर, आसिफाबाद या बाजूस आहेत, त्यांस आमची विनंती आहे की, हकीकतीची दुसरी प्रत धाडताना पुढील माहिती घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहावी : आपले पूर्वज आले तेव्हा त्या ठिकाणी कोणाची वस्ती होती, गावाचे त्यांच्या भाषेतील नाव काय होते, जमीन विकत घेतली, खंडाने घेतली, की पट्टा करून घेतला, आणि त्या लोकांची पुढची पिढी आज कोठे राहते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरी मिळाले नाही, तर ते बहुधा त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला मिळेल. तेथे जाऊन विचारावे, आणि जे नाव ते सांगतील तेच लिहावे.